पुनमनं वाचलेला कागद

पागलपन या घराले नवं नाई बाप्पा. माहा सासरा लटारू तळ्यात जाळं टाकता टाकता एकटाच भांडे, ते म्या सोताच्या डोळ्यानं पाह्यलं. आता माहा देर, नवऱ्याचा भाऊ इस्तारी, तसंच करून राह्यला. पन गावाचं तोंड कोन धरन? "कुंतानं करनी केली," म्हनत. तोंडावर म्हनत! विहिरीवरून हाकललं मले.

मंग चंद्रपूरच्या डाक्टरबाई आल्या. रक्तातल्या जीनमंदी काई फरक असल्यानं डोकं बिघडते का, हे त्या शोधून राह्यल्या व्हत्या. म्या हात जोडले, "बाई, रक्तातच हाय असं लिवून द्या न वो. नाईतर हे लोकं मले जित्ती ठेवत नाईत." त्याइनं इस्तारीचं अन माह्या पोरीचं, पुनमचं, रक्त घेतलं. जाताना शिक्क्याचा एक कागद देला.

मले कुठी वाचता येते? आमच्या गावात शिक्का असला का कागद खरा. माह्या करनीचा निवाडा कराले गावानं बैठक बसवली, तोच कागद घेऊन तिथं गेली. पुनम बारावी शिकली, तिच्या हाती देला. तिनं कागद पाह्यला, लोकं पाह्यले, अन मोठ्यानं वाचलं, "हा आजार या घरान्याच्या रक्तातून आला हाय. कोनाच्या करनीनं नाई."

सरपंचानं शिक्का पाह्यला, मान हालवली. दुसऱ्या दिवशी विहिरीवर बाया सरकल्या, मले जागा देली.

चार दिवसानं धानोऱ्याहून फोन आला. तिथल्या लोकेशसंग पुनमचं लग्न ठरलं व्हतं. "खराब रक्ताची पोरगी आमाले नोको."

डाक्टरबाईचा मुक्काम सिंदेवाहीले व्हता. कागद घेऊन धावतच गेली. "यातून माह्या पोरीचं नाव काहाडा वो बाई!" त्या कागद पाहून चकरावल्या.

"कुंताबाई, ही तर रक्त द्यायची तुमची संमती आहे. आम्हाला अजून काहीच कळलेलं नाही. कळायला कितीतरी वर्षं लागतील."

घरी आली तं पुनम फाटलं जाळं शिवत बसली व्हती.

"काऊन वो पोरी? काऊन असं वाचलं?"

तिनं मान वर केली नाई. "बैठकीत लोकाइच्या हातात दगडं व्हते माय. तुले दिसले नाईत?"

मले नाई दिसले. मी तं तिच्याकडंच पाहून राह्यली व्हती, माही पोरगी कशी खडखडा वाचते म्हून.