उजवा खांदा

थोरली नात शाळेत जायला लागली, त्या वर्षी मुलाने घरभर डब्या चिकटवल्या. काडेपेटीएवढ्या पांढऱ्या डब्या; दारांच्या चौकटींवर, स्वयंपाकघरात, न्हाणीपाशी. आजोबांच्या खिशात फोन असला की डब्या बिनतारी खुणा पाठवायच्या आणि कानात अडकवलेल्या बटणातून एक बाई बोलायची : पुढे दार, उजवीकडे न्हाणी.

मुलगा म्हणाला, "आई, सुटलीस तू आता."

आजीने नकळत उजव्या खांद्यावरून हात फिरवला. साखरेने आजोबांचे डोळे नेल्यापासून त्यांचा हात तिथेच असे. तिच्या कपड्यांचं कापड आधी तिथेच विरायचं. आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई; आतून ठिगळ लावून घ्यायची.

तिची ताई दूरगावी अंथरुणाला खिळली होती. डब्या लागल्या तशी आजीने पिशवी भरून ठेवली. पण आजोबांचं काही जमेना. ती बाई खोटारडी आहे, म्हणायचे. न्हाणी सांगते नि कपाटावर नेऊन आदळते. कपाळाला टेंगूळही आणलं. मुलगा डब्या इकडच्या तिकडे करून थकला. ताई फोनवर विचारायची, येतेस ना गं? आजी सांगायची, यांना एकदा सवय झाली की निघालेच.

एके दिवशी मुलगा-सून कामावर गेल्यावर आजी दुधाला निघाली आणि भांडं विसरलं म्हणून जिन्यातूनच परत फिरली. शेजारी कुणीतरी भिंतीत ड्रिल चालवत होतं, त्यात तिची चाहूल बुडाली. ती ओट्याशी पोचते तोच आजोबा आले. भिंतीला हात न लावता, तरातरा. पिंपातलं पाणी घेतलं, प्याले, भांडं पालथं घातलं. आजी श्वास रोखून कोपऱ्यात उभी. डब्यांना दारं कळत, माणूस कळत नसे. आजोबा खोलीत परतले, कानातलं बटण काढून त्यांनी उशीखाली सारलं.

आजीने बाहेर जाऊन कडी मुद्दाम वाजवली.

"आलीस का?" लगेच हाक आली. "घसा कोरडा पडलाय. इथे माणूस तहानेने मेला तरी कुणाला पत्ता नाही."

आजी पाणी घेऊन गेली. "आत्ताच तर प्यालात."

आजोबांचा पुढे आलेला हात तसाच राहिला. त्यांनी विचारलं, "जाणार तू?"

"ताईकडे. चार दिवस."

"जा की. डब्या आहेतच." मग हलक्या आवाजात म्हणाले, "फक्त ती बाई ओ देत नाही गं. मी हाक मारून पाहिली."

आजीला राग आला असता तर बरं झालं असतं. भांडून तरी निघता आलं असतं. ती पलंगाजवळ सरकली. हात आपसूक खांद्यावर येऊन बसला.

संध्याकाळी तिने पिशवीतली लुगडी कपाटात परत ठेवली.

ताईच्या घरून फोन आला तेव्हा ती आजोबांना न्हाणीकडे नेत होती. खांद्यावरचा हात काढायचं तिलाही सुचलं नाही, त्यांनाही नाही. ताई त्याच वर्षी गेली. नातीच्या शाळेला सुट्टी लागली, त्या दिवशी सकाळी.