खैरकुंडची सकाळची फेरी

"काका, खैरकुंडच्या फेरीचं तेवढं पाठवून द्या," पेपरच्या बुलडाण्याच्या कचेरीतून प्रसेनजित फोनवर म्हणत होता. "साऱ्या जिल्ह्यातल्या बंद बसफेऱ्या एकाच पानावर घेऊन राह्यलो. तुमची बातमी तं तयारच असंल."

शालिग्राम ओट्यावर उभा होता. समोर अंगणात त्याची सून प्रतीक्षा गाडीचं बॉनेट उघडून पाणी ओतत होती. त्याने तिच्याकडे पाठ केली, आवाज खाली आणला.

"पूल व्हायचा हाये ना अजून," तो म्हणाला.

पूल होऊन बरेच दिवस झाले होते. त्याच पुलावरून प्रतीक्षाची गाडी रोज गावातल्या पोरींना सोनाळ्याच्या कॉलेजात नेत होती, संध्याकाळी परत आणत होती. शालिग्रामने फोन ठेवला. पेपरला खोटं सांगण्याची त्याची ही पहिलीच वेळ, आणि ती इतकी सहज जमली याचंच त्याला जास्त वाईट वाटलं.

तसा तो पेपरवाला म्हणून शोभणारा माणूसच नव्हता. कोणाला काही विचारायचं म्हटलं की त्याची जीभ टाळूला चिकटे. पुस्तकं वाचून वाचून भाषा तेवढी हाताला लागली होती, म्हणून एका दैनिकाने त्याला गावचा वार्ताहर करून टाकलं, आणि केस पांढरे झाले तरी तो सातपुड्याच्या पायथ्याच्या त्या एवढ्याशा खैरकुंडच्या अडचणी लिहीतच राहिला. हातपंप बंद. दवाखान्याला कुलूप. शाळेच्या छताला गळती. शेवटची ओळ ठरलेली असे: संबंधित विभाग लक्ष देईल काय? विभाग क्वचितच लक्ष देई. गावातल्या टवाळ पोरांना ती ओळ पाठ झाली होती. तो बाजारातून साखर आणायला विसरला की बायकोही, सत्यभामाबाई, चुलीपुढून तोच प्रश्न विचारी.

गेल्या वर्षी संग्रामपूरला नवउद्योजकांचं शिबिर झालं. त्याची बातमी द्यायला म्हणून शालिग्राम गेला आणि सवयीने शेवटच्या रांगेत बसला. बाहेरून आलेल्या तरुण वक्त्याने पेपरचं गावाकडचं पान सगळ्यांसमोर उघडून धरलं. इथली प्रत्येक तक्रार म्हणजे एक न उघडलेलं दुकान आहे, तो म्हणाला. लोकांना काय मिळत नाही ते वाचा, आणि तेच त्यांना द्या. शालिग्राम खुर्चीत सरळ झाला. इतकी वर्षं तो रडगाणं समजून जे लिहीत होता, त्यात ही दुकानं बंद पडून होती म्हणायची.

परतताना त्याला वाटेत दुकानंच दुकानं दिसू लागली. पंपाची मोटार जळली की शेतकरी ती सोनाळ्याला घेऊन जातात, मग गावातच वाइंडिंगचं दुकान का नको? म्हाताऱ्यांना रक्त तपासायला शेगाव गाठावं लागतं, मग कोणी आठवड्यातून एकदा इथे येऊन रक्त का नेऊ नये? पानठेल्यावरच्या रिकाम्या पोरांना त्याने धीर करून हे सांगितलं. पोरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग त्यातला एक म्हणाला, "काका, एवढं समजते तं तुमीच टाका ना एखादं." सगळी हसली. शालिग्राम घरी येऊन न जेवता झोपला. त्या पोरांचा राग आलाच होता, पण त्यातलं खरं होतं ते जास्त टोचत होतं.

त्याचं म्हणणं मनावर घेतलं ते एकट्या प्रतीक्षाने. भाकरी थापता थापता तिने एवढंच विचारलं, की सकाळची बस बंद पडल्याची बातमीही तुमचीच होती ना. पूल खचला म्हणून बस बंद झाली होती. बाजूने कच्ची वाट काढली होती, त्यातून लहान गाडी निघत असे. माहेरी बापाची भाजीपाल्याची गाडी तिने चालवलेली होती. नवरा, सागर, शेगावला एका लॉजवर कामाला. त्याने आधी नाक मुरडलं, मग त्यानेच एक जुनी पण धड गाडी शोधून दिली. प्रतीक्षाने त्यासाठी अंगावरचं सोनं मोडलं.

गाडी सुरू झाली तेव्हा शालिग्राम रोज सकाळी रस्त्याच्या टोकाशी जाऊन उभा राहू लागला. पोरी दाटीवाटीने बसत, प्रतीक्षा गिअर टाके आणि गाडी धूळ उडवत निघे. आपल्या एका बातमीला चाकं लागली, असं त्याच्या मनात येई. हे तो कोणापाशी बोलला नाही. बोललं तर ते हातचं जाईल अशी त्याला धास्ती होती.

आणि आता पूल झाला होता. आगाराला नुसती आठवण करून दिली तरी बस पुन्हा येणार होती. बसमध्ये पोरींना पास फुकट. प्रतीक्षाच्या गाडीत मग कोण बसणार होतं?

फोन येऊन गेला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तानाबाई आली. ती मजुरीला जाई. तिची काजल अकरावीला होती. ओट्याच्या पायरीवर टेकून तिने आधी सत्यभामाबाईंशी पिकापाण्याचं बोलून घेतलं. मग म्हणाली, "भाऊ, बसचं तुमी आता काऊन लिहीत नाई?"

शालिग्रामने घसा साफ केला. लिहितो, पाहतो, असं काहीतरी पुटपुटला.

काजल कॉलेजात जात नव्हती. रोजचं गाडीभाडं तानाबाईला झेपत नव्हतं. प्रतीक्षाला हे कळलं तेव्हा तिने काजलला फुकट बसवलं होतं, तेही शालिग्रामला ठाऊक होतं. मग पोरगी दोनच दिवसांत का थांबली, हे मात्र त्याने विचारलं नव्हतं.

"तुमच्या सुनेचं मन मोठं हाये," तानाबाई म्हणाली. "पन पैसेवाल्या पोरी सीटवर बसतात, अन् हिले मधात अवजाराच्या पेटीवर बसा लागते. कोनी म्हनत नाई तिथं बस म्हनून. तीच बसते. बसमंदी साऱ्याइचा पास सारखा असते, भाऊ."

ती गेल्यावर शालिग्रामने बातमी लिहायला घेतली. पहिल्यांदा तीन परिच्छेद भलतेच जोरकस झाले. ते त्याने पुसले. हे आपण काजलसाठी लिहितो आहोत, की प्रसेनजितला मारलेली थाप धुऊन काढायला, याचा त्याला उलगडा होईना. प्रतीक्षाला आधी सांगावं म्हणून तो दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला, आणि दोन्ही वेळा प्यायला पाणी मागून परत आला. शेवटी साधी बातमी झाली: पूल झाला आहे, रस्ता चालू आहे, फेरी बंद आहे, एका मुलीचं शिक्षण थांबलं आहे. शेवटची ठरलेली ओळ त्याने या वेळी लिहिली नाही.

बातमी पेपरात छापून आली त्या संध्याकाळी प्रतीक्षाने रोजच्यासारखंच ताट वाढलं.

"बातमी चांगली झाली, मामाजी," ती म्हणाली. "पोरींनी गाडीत वाचून दाखवली मले."

"मी तुले सांगनारच होतो."

"तुमी साऱ्या जिल्ह्याले सांगतलं. घरात सांगाले मी एकटीच होती."

काहीतरी बोलायलाच हवं म्हणून शालिग्राम घाईने सांगू लागला, की गाडी काही वाया जायची नाही, भाजी नेता येईल, रक्त तपासायला माणसं नेता येतील, अडचणी काय, गावात पुष्कळ...

"मामाजी," प्रतीक्षाने त्याच्या ताटात वरण वाढलं, "आता काही दिवस मले अडचणी नोका सांगू."

पुढच्या सोमवारी बस आली. सरपंचांनी नारळ आणला होता, कोणी झेंडूच्या माळा आणल्या होत्या. पानठेल्यावरच्या पोरांनी शालिग्रामला पुढे ढकललं. "काकाची कमाल हाये बे," एक जण म्हणाला, आणि ती थट्टा नव्हती. शालिग्रामला ती थट्टा असती तर बरं वाटलं असतं.

बस वळायची जागा रस्त्याच्या टोकाशी एकच होती. आज कोणी येणार नाही हे माहीत असूनही प्रतीक्षा वेळेवर आली होती, आणि तिची गाडी नेमकी त्याच जागेवर उभी होती. चालकाने हॉर्न दिला. जमलेली माणसं बस बघायची सोडून प्रतीक्षाकडे बघू लागली. शालिग्रामला वाटलं, आता आपण पुढे व्हावं, काहीतरी बोलावं. तो तसाच उभा राहिला.

प्रतीक्षाने गाडी सुरू केली आणि मागे घेत पार बाभळीत घातली. मग ती खाली उतरली. चालक नवखा होता, मागे नालीचा खड्डा होता. ती बसच्या मागे जाऊन उभी राहिली. "या," ती हात हलवत म्हणाली, "या, अजून या, डावीकडं घ्या." खड्डा जवळ आला तसा तिने पत्र्यावर हात मारला आणि बस थांबली.

पोरी चढल्या. काजलला खिडकी मिळाली. एकदोघींनी प्रतीक्षाला हात केला, तिनेही केला. बस सोनाळ्याच्या वाटेला लागली, माणसं खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकून पांगली.

बाभळीने गाडीच्या अंगावर लांब ओरखडा ओढला होता. प्रतीक्षा अंगठा ओला करून तो पुसत होती. हातातला खोबऱ्याचा तुकडा न खाता शालिग्राम थोड्या अंतरावर उभा होता. ओरखडा पुसला जाणारा नव्हता, तरी ती पुसत राहिली.