एकवीस तारखेची रात्र

सत्तावन्नाव्या वर्षी मी इंग्रजी आकडे शिकायला बसले आणि पहिल्याच आठवड्यात माझं मत झालं की लोक उगाच घाबरतात. आपल्या आकड्यांपेक्षा ते सरळ स्वभावाचे आहेत. एकदा ट्वेंटी म्हटलं की पुढं वन, टू, थ्री जोडत जायचं, संपलं. आपल्याकडं एकोणतीस म्हणजे तिशीतला की विशीतला हे पोरांना कळेपर्यंत त्यांना दाढी फुटते. थर्टीन आणि थर्टी तेवढे जुळ्या भावांसारखे आहेत, त्यांनी मला दोन दिवस छळलं.

शिकवणारी माझीच सून, सुनयना. रामनगरची, बी.ए. झालेली. माझा थोरला सूरज दांडेलीला कामाला असतो, आठवड्यातून एकदा येतो. बाकीचे दिवस गुंद गावच्या घरात आम्ही तिघं: मी, सुनयना आणि आमचे हे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, पण सांगायचं तर एकदा सांगून टाकते, महाबळेश्वर. संध्याकाळी चुलीवर भात ठेवला की सुनयना भिंतीवरचं घड्याळ खाली काढायची आणि काटे फिरवून मला विचारायची. मी चुकले की ती हसायची नाही, फक्त काटा तिथंच धरून बसायची. एवढी सोशिक बाई मी माहेरी पाहिली नाही आणि सासरीही नाही.

"मामी, हे किती?"

"दीड."

"इंग्रजीत."

"इंग्रजीत दीडला काय म्हणतात?"

"दीड न्हाईच त्यांच्यात. वन थर्टी म्हणायचं."

"आणि अडीच?"

"टू थर्टी."

एवढी मोठी भाषा आणि तिच्यात दीड नाही, याचं मला खरोखर वाईट वाटलं. पण म्हटलं, असेल त्यांची अडचण.

हे सगळं कशासाठी, तर माझा धाकटा ओंकार. तीन वर्षांपूर्वी तो मस्कतला एका हॉटेलात कामाला गेला. जायच्या दिवशी त्याला गोव्याच्या विमानतळावर सोडायला चौघं गेले आणि मला घरी ठेवलं. यांचं म्हणणं, "तिथं सगळं इंग्रजीत असतंय, तुला काय कळणार? हरवलीस तर तुला शोधू की त्याला पोचवू?" मी दारात उभी राहून जीपचा धुरळा बघितला. त्याच दिवशी ठरवलं, हा परत येईल तेव्हा काचेच्या दारातून बाहेर आल्यावर पहिलं तोंड माझं दिसलं पाहिजे. मला दुसरं काही नको होतं. आणि हे मला येत नाही, ते मला कळणार नाही, असं कुणी म्हणायला जागा ठेवायची नाही म्हणून आकडे, तारखा आणि वेळ तिन्ही शिकले.

सप्टेंबर संपताना ओंकारनं तिकिटाचा फोटो पाठवला. महिनाभराची रजा मिळाली होती. आमच्या घरात फोन लागत नाही, देवळाच्या चढावर जावं लागतं. सुनयना तिथून फोटो घेऊन आली आणि फोन माझ्या हातात दिला. हे जेवत होते. मी चष्मा लावला आणि वाचलं, "ट्वेंटी फर्स्ट ऑक्टोबर. टू टेन एएम."

"एएम म्हणजे?" सुनयनानं विचारलं.

"मध्यरात्रीपासून दुपारी बारापर्यंत. म्हणजे रात्रीचे दोन वाजून धा मिनिटं."

यांचा घास हातातच राहिला. त्या दिवसापासून मला गोव्याला नेऊ नये असं पुन्हा म्हणाले नाहीत. मी स्वतःच वासू जीपवाल्याला जाऊन सांगितलं, "एकवीस तारखेची रात्र. दोनला विमान उतरतंय. लवकर जेवून निघायचं."

"काकी, आठला निघू की," वासू म्हणाला.

"एट पीएम," मी म्हटलं. वासूनं मान डोलावली. त्याला कळलं की नाही देव जाणे.

आता आमच्याकडची एक गोष्ट सांगायला हवी. दिवाळीच्या आधी भात उभं असतं आणि रात्री रानडुकरं येतात, कधी गवेही येतात. म्हणून शेतात माळा बांधून त्यावर राखणीला बसावं लागतं. घरटी पाळी लागते. मंगळवारची राखण म्हणजे मंगळवारी दिवे लागल्यावर माळ्यावर चढायचं आणि कोंबडा आरवल्यावर उतरायचं. मधल्या वेळात डुक्कर कधीही येवो, ते मंगळवारचंच डुक्कर. अंधारात मध्येच कुठं तारीख बदलली असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. रात्र अख्खी असते आणि ती संध्याकाळच्या मालकीची असते. मी हे कुणाकडून शिकले नाही, जन्मापासून तसंच चालू आहे.

वीस तारखेला संध्याकाळी मी अंगण सारवलं. दुसऱ्या दिवशी नेसायचं लुगडं काढून ठेवलं. यांची पाळी होती, ते माळ्यावर गेले. मी शांत झोपले. ती झोप आठवली की आजही माझा मलाच राग येतो.

एकवीसला सकाळभर माझे हात थांबले नाहीत. खोबरं किसलं, ओंकारला आवडतात म्हणून कणग्यांचे कंद उकडले, वासूला दोनदा निरोप धाडला. दुपारी जेवणाच्या वेळेला अंगणात कुणीतरी बॅग टेकवल्याचा आवाज झाला. बाहेर आले तर ओंकार. अंगानं भरलेला, डोळे लाल, शर्ट चुरगळलेला.

मी काय म्हणावं? तीन वर्षांनी लेक दारात आलेला आणि मी म्हटलं, "तुझं विमान एक दिवस आधी कसं आलं?"

"आधी कुठं? वेळेवर आलं की."

"आज रात्री येणार होतं."

"आये, एकवीस तारीख म्हणजे कालची रात्र. बाराच्या पुढं एकवीस लागली न्हाई का?"

सुनयना माझ्या मागं येऊन उभी होती. तिनं कपाळावर हात मारला. तिचा काही दोष नव्हता. रामनगरातही रात्र उजाडेपर्यंत आदल्या दिवसाचीच असते. आम्ही दोघींनी तारीख बरोबर वाचली होती, वेळ बरोबर वाचली होती, आणि दोन्ही एकत्र कुठं पडतात ते बघितलंच नव्हतं. मीही तिथंच ऐकून घेणारी नव्हे. त्याला म्हटलं, "ज्या कुणी रात्रीचे मधोमध दोन तुकडे केले, त्याला एकदा आमच्या माळ्यावर बसवायला पाहिजे. एक रात्र जागला की कळेल त्याला, मधे कुठं काय बदलत न्हाई."

ओंकार हसला. मग पायरीवर बसून पाणी प्यायला आणि सहज सांगितल्यासारखं सांगू लागला. बाहेर आला तर कुणी नाही. जीप घाटात बंद पडली असेल असं त्याला वाटलं. फोन लावून पाहिला, लागला नाही. बाकावर बसून राहिला आणि गाडी आली की उठून बघायचा. उजाडल्यावर अनमोड घाटातून जाणारी बस धरली, रामनगरला उतरला, पुढं मिळेल त्या गाडीनं आला.

"एवढं काय त्यात," तो म्हणाला.

तो आंघोळीला गेल्यावर मी माजघरात जाऊन रडले. लेक घरी आला होता, सुखरूप होता, रडण्यासारखं काही नव्हतं. पण प्रत्येक गाडीला तो उठून उभा राहिला होता आणि मी इथं डोक्याखाली उशी घेऊन झोपले होते. तीन वर्षं मी एकाच क्षणाची वाट बघितली आणि तो माझ्याशिवाय होऊन गेला. तो क्षण परत येण्यासारखा नव्हता.

संध्याकाळी सुनयनानं घड्याळ खाली काढलं नाही. मीच काढलं आणि तिच्यापुढं ठेवलं. "राहिलेलं शिकव," म्हटलं. "बारानंतर काय होतंय ते सगळं."

महिना कसा गेला ते सांगत बसत नाही. ओंकारनं बापाबरोबर भात कापलं, दोन वेळा माळ्यावर बसला, मित्रांना भेटायला कॅसलरॉकला जाऊन आला. जायचं तिकीट वीस नोव्हेंबरचं होतं, दुपारी दोन चाळीस. मध्यान्हीचा लख्ख उजेड, तारीख चुकायला कुठं फट नाही. तरी मी ते रोज एकदा वाचत होते.

"आता तू कशाला येतीस?" हे म्हणाले. "सोडायला जाऊन काय रडायचंच हाय."

"रडायचं असेल तर तिथं रडीन. जीपमध्ये जागा हाय."

वासूची जीप पहाटे निघाली. विमानतळावर पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. काचेचं दार मी पहिल्यांदा पाहिलं. दाराशी बंदूकवाला शिपाई उभा होता, तिकीट बघून एकेकाला आत सोडत होता आणि सोडायला आलेल्यांना बाहेर थांबवत होता. म्हणजे इथपर्यंतच. ओंकारनं बॅगा उतरवल्या, बापाच्या पाया पडला, माझ्या पाया पडला. "आये, जातो. आत तीन तास आधी जावं लागतंय, आधीच उशीर झालाय," म्हणाला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

तो रांगेत जाऊन उभा राहिला. आता त्याच्या पाठीकडं बघितलं तर मला आवरणार नव्हतं, म्हणून मी मान वर केली. दाराच्या बाजूला मोठा पडदा लावलेला होता, त्यावर ओळीच ओळी. अक्षरं मला अजून धड येत नाहीत, पण आकडे माझेच होते. त्याच्या विमानाचा नंबर तिकिटावर महिनाभर वाचलेला, तो पाचव्या ओळीत सापडला. त्याच्यापुढं १४:४०. चौदातून बारा गेले, दोन चाळीस. बरोबर. आणि त्याच्या शेजारी लाल रंगात आणखी एक वेळ होती, १७:२५.

मी पुन्हा वाचलं. सतरातून बारा गेले, पाच. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं. मग रांगेकडं गेले आणि त्याच्या दंडाला धरलं.

"फाईव्ह ट्वेंटी फाईव्ह पीएम," मी म्हटलं.

"काय?"

"तुझं विमान. वर बघ."

त्याच्या मागचे लोकही वर बघायला लागले. ओंकारनं पडदा बघितला, मग खिशातला फोन काढला. तोच निरोप फोनवरही येऊन पडला होता, घाईत त्यानं पाहिला नव्हता. तो शिपायाच्या पुढ्यात पोचला होता. एकदा आत गेला असता तर त्याला पुन्हा बाहेर सोडलं नसतं. त्यानं तिकीट खिशात घातलं, बॅगा ओढत रांगेतून बाहेर आला आणि यांना म्हणाला, "बाबा, आयेनं धरलं म्हणून राहिलो."

"व्हय," हे म्हणाले. "वाचता येतंय तिला."

आम्ही एका झाडाच्या सावलीत कठड्यावर बसलो. वासू जीपमध्ये घोरत होता. ओंकार मला हॉटेलातल्या गोष्टी सांगत होता, महिनाभर घरात सांगितल्या नव्हत्या अशा. तिकडं सुरुवातीला तो जेवायचा नाही, ते सांगितलं. कुठल्या मजल्यावर उभं राहिलं की समुद्र दिसतो आणि तिथं उभा राहून तो कुणाची आठवण काढतो, तेही सांगितलं. मी ऐकत होते. मध्येच त्यानं विचारलं, "आये, किती वाजले?"

पडदा समोर होता. मी वाचून सांगितलं, "ट्वेल्व्ह फिफ्टीन."

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझं लक्ष त्याच्या मनगटाकडं गेलं. तिथं मस्कतहून आणलेलं चांगलं मोठं घड्याळ होतं आणि ते चालू होतं. मी पडद्याकडं बघितलं आणि त्याला सावकाश, इंग्रजीत, वेळ सांगितली.