ग्लाउकोस म्हणजे हिरवा

माझं आणि माझ्या सासऱ्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य आहे, आणि ते लपवायच्या भानगडीत आम्ही दोघंही पडत नाही. ते जन्मभर कॉलेजात ग्रीक शिकवत आले. मी डोळे तपासते आणि चष्मे करून देते. लग्न ठरलं तेव्हा त्यांनी माझ्या तोंडावर मुलाला विचारलं होतं, "दुकानदारीण कशाला आणतोस घरात?" मुलगा, म्हणजे माझा नवरा, तेव्हाही गप्प बसला आणि अजूनही गप्पच असतो. आमची जुंपली की तो कपडे वाळत घालायला गॅलरीत जातो. त्यामुळे आमच्या घरात ओले कपडे कधी पडून राहत नाहीत.

यंदा सासऱ्यांच्या डोक्यात एक शब्द शिरला होता. ग्लाउकोस. जुन्या ग्रीकांचा रंगाचा शब्द. ते लोक तो समुद्राला लावायचे, ऑलिव्हच्या पानांना लावायचे, डोळ्यांनाही लावायचे. सासऱ्यांचं म्हणणं, निळसर राखाडी, विषय संपला. पण त्यांच्याच एका विद्यार्थ्याने, जो आता कॉलेजात त्यांच्या खुर्चीवर बसतो, मासिकात लिहिलं की हा मुळात रंगच नव्हता. ती चकाकी होती, रंग मागून आला. झालं, म्हाताऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळी टेबलाशी बसून त्याला उत्तर लिहायचं आणि दुपारी फाडून टाकायचं, हा रोजचा उद्योग.

"चकाकी म्हणे. डोळे तपासून घे म्हणावं, गाढवा."

हे मी ऐकत होते आणि त्यांच्या हातून चहा कपाबाहेर पडताना बघत होते. उजवा खांदा सारखा दाराच्या चौकटीला लागायचा. नवरा उजवीकडे येऊन बसला तर तो बोलेपर्यंत त्यांना कळायचं नाही. संध्याकाळी दिवा लावला की ते त्याच्याकडे बघून आठ्या घालायचे आणि तोंड फिरवायचे. हा माझा धंदा आहे, मला कोणी सांगायची गरज नव्हती. काचबिंदू, इंग्रजीत ग्लॉकोमा. डोळ्यातला दाब वाढत जातो, नजर कडेकडून मरत येते आणि माणसाला पत्ता लागत नाही. गेलेली नजर परत येत नाही.

"बाबा, दुकानात या. तपासते."

"का, गिऱ्हाईक कमी पडतंय?"

"फुकट तपासते."

"मग तर मुळीच नको. तुझं विकतचं काम कसं असतं ते ठाऊक आहे, हा तुझाच चष्मा नाकावर घेऊन फिरतोय."

नवऱ्याला सांगितलं. तो "विचारून बघतो" म्हणाला आणि गॅलरीत गेला.

मला त्यांची दया आली असं कोणी समजू नये. मला संताप आला होता. डोळे तपासणारीच्या घरात, तिच्या नाकावर टिच्चून, हा माणूस आंधळा व्हायला निघाला होता. शिवाय इतकी वर्षं ऐकून घेतलेल्या एकेका बोलण्याची परतफेड करायची होती, आणि त्यासाठी मला ते धडधाकट हवे होते.

मग मी दुकानाच्या काचेवर मोठ्या अक्षरांत फलक लावला. 'काचबिंदू: ग्रीक लोकांना माहीत असलेला रोग. मूळ शब्द ग्लाउकोस, म्हणजे हिरवा.' रात्री जेवताना भाजी वाढता वाढता म्हटलं, "दुकानात तुमचा ग्लाउकोस लावलाय बाबा. हिरवा म्हणून लिहिलंय. चालेल ना?"

त्यांच्या पानात भाजी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी पहिलं गिऱ्हाईक आत येतं न येतं तोच ते दारात उभे. आत एक बाई फ्रेम बघत होत्या, त्यांच्यादेखत सुरुवात.

"तो फलक काढ."

"का?"

"दोन ओळींत दोन चुका आहेत. हिरवा नव्हे, ही एक. आणि जुने वैद्य ज्या डोळ्याला ग्लाउकोस म्हणत, त्याला बहुधा मोतीबिंदू असायचा. तुझा काचबिंदू त्यांना वेगळा ओळखता येत नव्हता. ही दुसरी."

पहिली चूक मी मुद्दाम केली होती. दुसरी मला खरंच ठाऊक नव्हती, आणि ती झोंबली.

"तपासून घ्या, मग काढते."

"ही खंडणी झाली."

"झाली."

आमच्याकडे नजरेचा घेर तपासायचं यंत्र आहे. पांढऱ्या घमेल्यात तोंड घातल्यासारखं बसायचं, हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्यावरून डोळा हलवायचा नाही, आणि कडेला कुठे बारीक दिवा लागला की हातातलं बटण दाबायचं. सासऱ्यांनी पटापट बटण दाबलं, अगदी तालात. बाहेर येऊन म्हणाले, "किती मार्क?"

मी कागद बघितला. "कॉपी केलीत."

"काय?"

"यंत्र मध्येच एखादा दिवा मुद्दाम गाळतं. तेव्हाही तुम्ही दाबलंत. ठेका पकडलात आणि ठोकून दिलंत."

कॉपी करणाऱ्याला या माणसाने उभ्या आयुष्यात कधी सोडलं नाही. प्राचार्यांच्या भाच्याला भर परीक्षेत वर्गाबाहेर काढलं होतं, ती हकिगत जेवताना अजून सांगतात. त्यांनी कॉपी केली हे मला हळू आवाजात सांगता आलं असतं. मी ठणकावून सांगितलं, त्या फ्रेमवाल्या बाईंना ऐकू जाईल असं, आणि मला बरं वाटलं.

ते खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले. मग म्हणाले, "पुन्हा लाव."

या वेळी बटणाचा आवाज येईना. एकदा आला, मग कितीतरी वेळ नाही. मी त्या अंधाऱ्या खोलीत बसून वाट बघत होते. दिवे लागत होते, मला दिसत होते, आणि त्यांचा अंगठा बटणावर नुसता टेकलेला होता. दाबा ना, असं माझ्या मनात आलं. कॉपी करा हवी तर.

उजव्या डोळ्याचा कागद जवळजवळ सगळा काळा आला, मध्ये थोडासा पांढरा. डाव्याच्या कडा कुरतडल्यासारख्या, पण तो बराच शिल्लक होता.

"आजच डॉक्टरांकडे जायचं," मी म्हटलं. "गेलं ते गेलं. उरलेलं औषधाच्या थेंबांनी टिकेल."

त्यांनी कागदाकडे बघितलंच नाही. ते छतावरच्या दिव्याकडे बघत होते. "दिव्याभोवती कडं दिसतं. निळं म्हणावं तर हिरवट होतं, हिरवं म्हणावं तर राखाडी. नुसतं चकाकत राहतं. हिवाळ्यापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तो गाढव चकाकी चकाकी म्हणून लिहीत होता, आणि मी रोज संध्याकाळी घरी बसून तीच बघत होतो. कुणाला सांगणार होतो?"

मी कागदाची घडी घालून त्यांच्या खिशात ठेवली.

"फलक काढ," ते म्हणाले. "नवा लिही. आधी चकाकी, मग रंग. माझं नाव घालू नकोस."

आता रोज संध्याकाळी थेंब घालायचे असतात. त्यांचे त्यांना घालता येत नाहीत, गालावर पडतात. नवरा बाटली बघताच गॅलरीत जातो. राहिले मी.

"हात धुतलेस का?"

"मान मागे घ्या. व्याख्यान नंतर."

"तुझी बोटं म्हणजे बर्फ आहेत."

"ओतू का बाटली सगळी?"

पहिल्या दिवशी मी उजवीकडून गेले. मी तिथे आहे हे त्यांना कळलंच नाही, आणि पापणीला बोट लागताच ते लहान मुलासारखे दचकले. मग त्यावरून मला तासभर बोलले. ते बोलणं मी सहन केलं, पण ते दचकणं मला बघवलं नाही. तेव्हापासून मी डावीकडून जाते.