मूळ आवाज

सरलानं लॅपटॉपचा आवाज पूर्ण बंद केला, खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावरच्या तरुण मुलीच्या ओठांबरोबर मोठ्यानं इंग्रजी बोलायला लागली. ती मुलगी म्हणजे तीच होती, चाळीस वर्षांपूर्वीची.

भाची ऋजुता लाटणं हातात घेऊनच स्वयंपाकघरातून बाहेर आली. "आत्या, आवाज का बंद केलास?"

"तो माझा नाही."

ऋजुता हसली. आत्याचा चेहरा मात्र तसाच राहिलेला पाहून ती शेजारी बसली.

सरला देवधर पुण्यात जन्मली, पण बोलायला शिकली बर्मिंगहॅममध्ये. इंग्लंडच्या रंगभूमीवर तिनं राण्या केल्या, धोबिणी केल्या, एकदा तर चक्क बिशपही. टीव्हीवर नर्स, दुकानदारीण आणि नवऱ्यामुलीची रडकी आई. पहिला चित्रपट हा, ज्याची दुरुस्त केलेली प्रत रविवारी दुपारी अ‍ॅमस्टरडॅमच्या एका जुन्या थिएटरात दाखवणार होते आणि तिचा सत्कार करणार होते. त्यासाठीच ती लंडनहून येऊन शेजारच्या अ‍ॅमस्टेलव्हीन गावात भाचीकडे उतरली होती.

"समुद्रकाठच्या बंगल्यातली भारतीय मोलकरीण," सरला म्हणाली. "शूटिंगला मी माझ्याच आवाजात बोलले. पहिल्या खेळाला नवी साडी नेसून बसले, तोंड उघडलं पडद्यावर, आणि भलत्याच बाईचा आवाज आला. दिग्दर्शकाला माझं इंग्रजी पुरेसं भारतीय वाटलं नव्हतं. लंडनच्या एका गोऱ्या नटीला बोलावून, तिच्याकडून माझे संवाद मान डोलवत बोलल्यासारखे वदवून घेतले. मला कुणी सांगितलंसुद्धा नाही."

"आणि तू गप्प बसलीस?"

"काम हवं होतं ना. पुढे जिथे जाईन तिथे म्हणायचे, त्या सिनेमात बोलतेस तसं बोल. मग शिकले मी त्या बाईची नक्कल. माझी नक्कल करणाऱ्या बाईची नक्कल. त्यावर जन्म काढला."

तव्यावरची पोळी करपल्याचा वास आला, तरी ऋजुता उठली नाही.

रविवारी दोघी ट्रामनं गेल्या. दारातच महोत्सवाची व्यवस्था पाहणारी मार्लूस फुलांचा गुच्छ घेऊन उभी होती. सरलानं तो घेतला नाही.

"मला पुढच्या रांगेत माईक द्या. माझे प्रसंग आले की चित्रपटाचा आवाज बंद करा. माझे संवाद मी बोलेन."

मार्लूस गोंधळली. "पण मग समोरच्या नटांचे संवादही जातील. संगीत जाईल, समुद्र जाईल."

"जाऊ दे."

मागे उभा असलेला उंच, पिकल्या केसांचा माणूस पुढे आला. दिग्दर्शकाचा मुलगा, निकोलस. प्रत दुरुस्त करायचा खर्च त्यानंच केला होता.

"सरला, चित्रपटानंतर गप्पा आहेतच," तो आर्जवानं म्हणाला. "तेव्हा सांगा ना तो किस्सा. लोकांना गंमत वाटेल."

"पार्ट्यांमध्ये आजवर गंमत म्हणूनच सांगत आले. लोक खूप हसायचे." तिनं मार्लूसकडे पाहिलं. "जमत नसेल तर गुच्छ पडद्याला द्या. मी ट्रामनं परत जाते."

मार्लूसनं एकदा निकोलसकडे पाहिलं, एकदा गुच्छाकडे. मग वरच्या प्रोजेक्शनच्या खोलीकडे जिना चढून गेली.

अंधार झाला. बंगला आला, धुकं आलं, ट्रे घेतलेली मुलगी दारात आली आणि समुद्राची गाज एकदम तुटली. त्या शांततेत सरला बोलली. पडद्यावर पंचविशीतलं कोवळं तोंड, आणि त्यातून बर्मिंगहॅमच्या वळणाचा, सिगारेटींनी खरवडलेला म्हातारा आवाज. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. ऋजुतानं आत्याचा मोकळा हात धरला, तो तिनं सोडवून घेतला. तिला तो माईक सावरायला हवा होता.

दुसऱ्या प्रसंगात एक वाक्य तिच्या तोंडातून सुटलंच नाही. पडद्यावरचे ओठ नुसतेच हलले. निकोलस अर्धवट उठून वर पाहत म्हणाला, "आता पुरे. मूळ आवाज लावा."

सरला माईकमध्येच म्हणाली, "मूळ आवाज चालू आहे. बसा."

कुणी हसलं नाही. वरून आवाज लागला नाही. निकोलस खाली बसला.

शेवटच्या प्रसंगात मोलकरीण नोकरी सोडते. दिग्दर्शकानं तेव्हा घाई केली होती, भरभर बोलायला लावलं होतं. सरलानं या खेपेला घाई केली नाही. प्रत्येक शब्दाला लागेल तेवढा वेळ दिला. मालकीण काय म्हणाली ते कुणाला कळलं नाही. मुलीचं बोलून झालं, तिनं पाठ फिरवली, ती बाहेर गेली, दार लागलं. पडद्यावर रिकामी खोली उरली, आणि सरलाचं अजून एक वाक्य बाकी होतं.

सगळं थिएटर थांबलं.

"किल्ली," ती सावकाश म्हणाली, "मी टेबलावर ठेवली आहे."