बदली आल्याशिवाय

“बदली आल्याशिवाय जागा सोडायची नाही. घराला आग लागली असं कुणी सांगत आलं तरी नाही. त्याला म्हणायचं, बाबा, आग इथंही आहे, ही कोण बघेल?”

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मुकादमाने भट्टीदादाला हे बजावलं होतं. मुकादम कधीच देवाघरी गेला, पण त्याचा शब्द बॉयलरघरात काजळीसारखा चिकटून राहिला. पाळी संपली की पुढच्या पाळीचा माणूस यायचा, आग, वाफ, पाणी विचारायचा, ‘घेतली’ म्हणायचा, आणि मगच आधीच्याने स्टुलावरून उठायचं. त्या येणाऱ्या माणसाला म्हणायचं बदली.

त्या दिवशी सकाळी कोळशाचं ते वीजघर कायमचं बंद झालं. शेवटची पाळी भट्टीदादाची होती. सगळे त्याला भट्टीदादाच म्हणत. बायको मात्र रागावली तरच. भाषणं झाली, टाळ्या झाल्या, माणसं पांगली. भट्टीदादा विझलेल्या बॉयलरसमोर स्टुलावर बसूनच राहिला.

पुनर्वसन कचेरीतल्या बाई त्याला शोधत लोखंडी जिना चढून वर आल्या.

“काका, बारा वाजता नावनोंदणी बंद होते. चला ना.”

“माझी बदली नाही आली.”

“अहो, तुमची बदली नाही झालेली. नोकरीच संपलीय.”

“ते कळलं. पण बदली यायला नको?”

“कुठे हवीय बदली?”

“इथेच.”

“इथल्या इथे?” बाईंनी चष्मा पुसला. बदलीसाठी डोकं खाणारी माणसं त्यांनी पोत्याने पाहिली होती. आपल्याच स्टुलावर बदली मागणारा हा पहिलाच.

त्यांनी दमाने समजावलं. नवं काम शिकून हाती येईपर्यंत घरखर्चाला भत्ता मिळणार होता. पण आज नाव लागलं तरच. पुढची तुकडी कधी निघेल, ते देवालाच ठाऊक. “सरकार तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही, काका. पवनचक्की दुरुस्तीचा वर्ग आहे.”

“म्हणजे वाऱ्यावरच की.”

बाईंना हसू आवरेना. मग त्यांनी त्याच्या बायकोला फोन लावला.

बायको आली ती धापा टाकतच. देवापुढे बसल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी ती. नेम तिला कळत होता, आणि नेमात हट्ट कुठून शिरतो तेही कळत होतं.

“भट्टीदादा,” ती म्हणाली, “उद्यापासून चुलीत काय घालू? ह्या स्टुलाचे पाय?”

त्याने पाय स्टुलाखाली ओढून घेतले.

“बॉयलर तोडायला ठेकेदाराचा माणूस येणार आहे,” बाई म्हणाल्या. “त्यालाच द्या ना ताबा.”

“लेक द्यायची तर माणूस बघून देतात, बाई. करवत घेऊन आलेल्याला नाही.”

बायकोने पदराने कपाळ टिपलं आणि ती त्याच्यासमोर ताठ उभी राहिली.

“उठा. मी आलेय बदली.”

“तू?”

“घरात इतकी वर्षं कुणाची वाफ सांभाळतेय मी? बोला. आग?”

सवयीने त्याची पाठ सरळ झाली. “विझली.”

“वाफ?”

“नाही.”

“पाणी?”

“उतरवलं.”

“काही तक्रार?”

दर पाळीला हा प्रश्न यायचा आणि तो ‘नाही’ म्हणून मोकळा व्हायचा. आज त्याने बॉयलरकडे बोट केलं. “ती डावी झडप,” तो म्हणाला, “हळू फिरवायची. जोर केला की रुसते.”

“सासूबाईंवर गेलीय. सांभाळीन.” तिने स्टुलाला हात लावला. “घेतली.”

तो उठला. उभं राहिल्यावर हातांचं काय करायचं ते त्याला कळेना.

“आणि तुझी बदली?”

“ठेकेदाराचा माणूस येईल, त्याला मी देईन. तुमच्या हाताने नको.” मग तिने आवाज उतरवला. “पण एक वचन द्या. तिथे जाऊन ‘असलं सगळं बघून बसलोय’ म्हणायचं नाही. ‘मला येत नाही, शिकवा’ म्हणायचं. चारचौघांत.”

हे फारच झालं. मिठाची बरणी सापडेना तरी ‘सापडत नाही’ न म्हणता अळणी जेवून उठणारा माणूस तो. त्याने बॉयलरकडे पाहिलं. तिकडून काही मदत नव्हती.

“कबूल,” तो पुटपुटला.

“ऐकू नाही आलं.”

“कबूल म्हटलं ना.”

ती पदर खोचून स्टुलावर बसली, आणि नामस्मरण सुरू केल्यासारखे तिने डोळे मिटले. बाई घड्याळ बघत गाडीकडे धावल्या. तो मागून जिना उतरला, एकेक पायरी, कठड्याला हात न लावता.

गाडीत त्याचे ओठ हलताना बाईंना दिसले.

“काही म्हणालात, काका?”

“नाही. पाठ करतोय.”

‘मला’पर्यंत ठीक जात होतं. ‘येत नाही’ला जीभ अडखळत होती. त्याने काच वर केली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.