पिशवीची गाठ आणि फाइलचं कुलूप

रमजान तोंडावर आला, तेव्हा गरिबांसाठीचं दान वाटणाऱ्या आमच्या जकात समितीचे हाजी मला म्हणाले, "मिस मुनीरा, त्या फाइलला आता कुलूप लावून घ्या."

ती फाइल म्हणजे आमच्या सल्त गावातल्या गरजू घरांचा कॉम्प्युटरवरचा तक्ता. कुणाच्या घरी किती माणसं, कुणाला तेल, कुणाला डाळ. गेल्या वर्षी कुणीतरी त्याची नक्कल बाहेर नेली आणि निवडणुकीला उभे राहिलेले एक गृहस्थ त्याच घरांच्या दारात कॅमेरा घेऊन हजर झाले. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळू नये, अशी आम्हांला शिकवण. इथे साऱ्या गल्लीला कळलं. एका म्हातारीने तर कितीतरी दिवस खिडकीचा पडदा उघडला नाही.

कुलूप लावायला हाजींनी बोलावलं कुतैबाला. माझ्या बालवाडीतलं पोर. त्याच्या बुटांच्या नाड्या मीच बांधायची. आता कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात आहे, पण मालक पगार देईल तेव्हा खरा. तो दारात दिसला तशी मी उघडी फाइल मिटली. तक्त्यात त्याच्या आईचं नाव होतं. "शिवणावर भागतंय म्हणून सांगितलंय त्याला," त्याची आई, उम्म कुतैबा, माझा हात धरून म्हणाली होती. "कळलं तर घास गिळणार नाही गं तो."

मी त्याच्यापुढे कोरा तक्ता उघडला. "यावर शिकव. खऱ्या फाइलला मी लावीन."

"वा मिस! सुताराकडून दार करून घ्यायचं आणि त्यालाच उंबऱ्याबाहेर ठेवायचं?"

"हो. आणि सुताराने तोंड कमी चालवायचं."

मी खोटी नावं भरली: हाजी काकडी, उम्म वांगं. तो खो खो हसला. मग एकेक दाखवत गेला: नक्कल बंद, छपाई बंद, फाइल उघडेल ती याच कॉम्प्युटरवर, बाहेर नेली तर नुसता अक्षरांचा चिवडा. मी चुकले की टोमणा तयार. "मला कोपऱ्यात उभं करायचात, आठवतंय ना?"

खऱ्या फाइलची वेळ आली, तशी तो न सांगताच खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. "पासवर्ड मलासुद्धा सांगू नका. मागितला तरी."

"आणि कुणी फोनने फोटो काढला तर?"

"त्याला कुलूप नाही, मिस. तिथे माणूसच चांगला लागतो."

देवाचं नाव घेऊन मी कुलूप लावलं. मशिदीत स्तवनांची तालीम चालली होती, त्यातल्या एका म्हाताऱ्या आवाजाने जीव निवला. मी चहा केला आणि डाळीच्या पिशव्या बांधायला बसले. कुतैबा पेला हातात धरून माझी बोटं बघत राहिला.

"मिस, गाठ जरा सैल बांधत जा."

"का रे?"

"आईची बोटं दुखतात. तिला सुटत नाही. ती उठायच्या आत मी सैल करून ठेवतो."

माझे हात थांबले.

"दोन फासे आणि वर पीळ," तो हळूच म्हणाला. "माझ्या बुटांना दुसरी कुणाची गाठ होती का?"

"तिला माहीत आहे, तुला कळलंय ते?"

"नाही. शिवणातून आणलंय म्हणते, मी हो म्हणतो आणि पोटभर जेवतो." त्याने पेला खाली ठेवला. "तेवढं तसंच राहू द्या, मिस."

मी हातातली गाठ सोडली आणि सैल बांधली.